बाळसे: दिसणारे आणि न दिसणारे

नागपूर शहरातील सक्करदरा चौकावरून उमरेडचा रस्ता जातो. त्यामुळे तेथील बुधवार बाजारात शहरातील बिऱ्हाडांबरोबर रस्त्याच्या कडेच्या खेड्यांतील माणसेही दिसतात. एका बाजूस मेथी, पालक, अंबाडी, चवळई आणि विदर्भात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर ढिगांनी मांडलेली असते. चार पावलांवर किराण्याच्या दुकानाच्या दारावर रंगीत पाकिटांच्या माळा लोंबत असतात. आई पिशवी भरीत असता कडेवरचे मूल त्या माळांकडे हात करते, आणि घरी परतताना बहुधा एक पाकीट त्याच्या हाती असते. मूल गुबगुबीत असेल तर वाटेत भेटणारी बाई कौतुकाने म्हणते, 'बाळसे छान धरले आहे.' मूल किरकोळ असेल तर तीच बाई सल्ला देते, 'बिस्किटे द्या, साखर-तूप द्या, अंगावर काही तरी येऊ द्या.'

बालकांच्या आहाराविषयी समाजाची जी समजूत आहे, ती बहुतेक सगळी या दोन वाक्यांत येऊन जाते. ही समजूत केवळ नजरेवर आधारलेली आहे. नजर फसते याची जाणीव मराठी भाषेला पूर्वीपासून आहे. 'हे बाळसे की सूज?' असे विचारण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु नजर दुसऱ्या बाजूनेही फसते. हाडकुळ्या दिसणाऱ्या बालकाच्या अंगीही चरबीचा वाटा पुष्कळ असू शकतो, आणि तो पुढे जाऊन मधुमेहाला व हृदयविकाराला वाट करून देतो. ही गोष्ट जगापुढे मांडण्याचा मान महाराष्ट्रातील एका संशोधनाकडे जातो. प्राथमिक शिक्षकांच्या हाती सहाव्या वर्षापासून मुले येत असल्यामुळे त्या संशोधनाचा आशय त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलिन फॉल व डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. पद्धत मोठी चिकाटीची होती. स्त्रियांना दिवस जाण्यापूर्वीच त्यांची उंची व वजन घेतले गेले. गरोदरपणी अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यांत त्या काय खातात याची नोंद झाली. आणि मूल जन्मताच त्याचे वजन, लांबी, डोक्याचा व दंडाचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मोजण्यात आली. या माता शेतात राबणाऱ्या, सरासरी ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बालकांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. म्हणजे पुण्याकडील बालक सुमारे पाऊण किलोने हलके.

येथवर नवल काही नव्हते. नवल पुढे आहे. इतके वजन कमी आहे म्हटल्यावर शरीराचा प्रत्येक भाग त्याच प्रमाणात लहान असावा, असा कोणाचाही तर्क होईल. प्रत्यक्षात स्नायू व पोटातील अवयव पुष्कळच कमी भरले होते, पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडीखालची चरबी मात्र बहुतांशी टिकून होती. शरीर अशक्त, चरबी शाबूत. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि 'कृश पण मेदयुक्त भारतीय बालक' ही कल्पना वैद्यकशास्त्रात रूढ झाली.

प्रौढ वयात याचे काय होते, हे डॉ. याज्ञिक यांनी एका छायाचित्राने समजाविले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा अंक २२.३, अगदी एकसारखा. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती ९.१ टक्के निघाली व भारतीय डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के. तराजूच्या दृष्टीने दोघे सारखे होते. शाळेच्या तपासणीत तराजूवर विसंबून राहणाऱ्यांनी हे छायाचित्र एकदा पाहून ठेवावे.

असे का घडते, हे समजण्यास घरातील कणगीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. ज्या घरात खाणारी-राबणारी माणसे पुष्कळ आहेत व कणगी मोठी आहे, तेथे एखाद्या वर्षी धान्य जास्त आले तरी ते खपते किंवा नीट साठते. ज्या घरात माणसे थोडी व कणगी लहान आहे, तेथे तेच धान्य ओसरीवर, माजघरात, चुलीजवळ पसरते व घराची चाल बिघडविते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. घरातील राबणारी माणसे ती हीच. गर्भाला पोषण कमी पडले की निसर्ग प्रथम मेंदूचा बचाव करतो, आणि त्याची किंमत स्नायू, यकृत, मूत्रपिंड व स्वादुपिंड यांना मोजावी लागते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बरीचशी घडण गर्भात व जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होते. पुढे हे मूल पोटभर, किंवा गरजेहून जास्त, खाऊ लागले की साखर उचलणारे स्नायू थोडे आणि इन्सुलिन पुरविणारी यंत्रणाही तोकडी, अशी स्थिती होते. उरलेले अन्न चरबी होऊन कातडीखाली, आणि तेथील जागा अपुरी पडली की पोटाच्या पोकळीत व यकृतात साठू लागते. या आतल्या चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी होतो. बाहेरून पाहणाऱ्यास यातील काहीच दिसत नाही.

सक्करदरा येथेच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना ज्या प्राचीन संहिता अभ्यासाव्या लागतात त्यांत प्रमेहाच्या रोग्यांचे दोन प्रकार सांगितलेले आहेत, ही गोष्ट या संदर्भात कुतूहलाची आहे. चरकाने एक प्रमेही स्थूल व बलवान आणि दुसरा कृश व दुर्बळ असतो असे म्हटले आहे. सुश्रुताने तर प्रमेहाचा एक प्रकार जन्माबरोबर येणारा व दुसरा चुकीच्या आहारविहाराने होणारा मानला असून, पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो असे वर्णन केले आहे. प्राचीनांना इन्सुलिन ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या ग्रंथांत आजचे सर्व शास्त्र शोधण्याचा हव्यासही धरू नये. परंतु रोगी पाहण्याची त्यांची नजर सूक्ष्म होती हे खरे.

पुण्याच्या अभ्यासात मातांच्या आहाराविषयी जे आढळले ते खेड्यातील प्रत्येक घराच्या कामाचे आहे. बालकाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध मातेने किती उष्मांक पोटात घातले यापेक्षा तिने दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे किती वेळा खाल्ली याच्याशी अधिक स्पष्टपणे जुळला. दुसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस यांतूनच ते मिळते. गरिबाघरी दूध येते ते चहापुरते, आणि चहा तरी बाईच्या वाट्यास येतो तो उरलेला. या मातांची मुले सहा वर्षांची झाल्यावर २००८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याप्रमाणे, ज्यांच्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी पण फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत अधिक होता. आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत चरबीही अधिक आढळली. यावरून लोहाच्या व फोलिक आम्लाच्या गोळ्या टाकून द्याव्यात, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्या गोळ्या रक्तक्षयापासून व जन्मजात व्यंगांपासून रक्षण करतात. दोष गोळीचा नाही, ताटातील दुसऱ्या बाजूच्या उणिवेचा आहे.

गरोदर स्त्रीने बेताने खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सुलभ होते, असा सल्ला अजूनही काही घरांतून मिळतो. डोहाळजेवणाच्या दिवशी पंचपक्वान्ने वाढावयाची आणि इतर दिवशी तिने सर्वांच्या मागून जेवावयाचे, ही विसंगती कोणाला खटकत नाही. उपासांची संख्या वेगळीच.

जन्मानंतरची पहिली दोन वर्षे गर्भवासाइतकीच महत्त्वाची आहेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, हे आता बहुतेक ठिकाणी ठाऊक आहे. त्याचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. मातेच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण शंभर मिलिलिटरला सुमारे एक ग्रॅम असते, तर गाईच्या दुधात ते तिपटीहून जास्त असते. युरोपातील पाच देशांत झालेल्या एका प्रयोगात, ज्या बालकांना अधिक प्रथिने असलेले तयार दूध पाजले होते त्यांच्यात सहाव्या वर्षी स्थूलतेचे प्रमाण, कमी प्रथिनांचे दूध घेतलेल्या बालकांपेक्षा जास्त आढळले. मातेच्या दुधावरील मूल सावकाश वाढते ते काही उणेपण नव्हे.

सहावा महिना संपला की उष्टावण. आपल्याकडील हा संस्कार वेळेच्या दृष्टीने उत्तम आहे. अडचण त्यानंतरच्या दिवसांत येते. भाताची पेज, वरणाचे वरचे पाणी आणि चहात बुडविलेले बिस्कीट यांवर मूल वाढविले जाते. पोट भरते, पण स्नायू व हाडे बांधण्यास लागणारे द्रव्य त्यात फार थोडे असते. मऊ वरण-भात, त्यात कुस्करलेली पालेभाजी, थोडे तेल वा तूप, दही, शक्य तेथे अंडे, ऋतूप्रमाणे केळे किंवा आपल्या जिल्ह्याचे संत्रे, इतके झाले तरी मोठा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतील बालकांना साखर व मीठ जास्त असलेले पदार्थ आणि गोड पेये देऊ नयेत.

साखरेविषयीचा आग्रह काहींना अतिरेकी वाटेल. त्यांनी इंग्लंडचे एक उदाहरण ध्यानात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धामुळे तेथे साखरेवर नियंत्रण होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि माणशी दररोजचा खप सुमारे ४० ग्रॅमवरून थोड्याच काळात दुपटीच्या आसपास गेला. नियंत्रण उठण्याच्या अलीकडे व पलीकडे गर्भात आलेल्या लोकांची तुलना करून २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भवास व पहिली दोन वर्षे ज्यांची नियंत्रणाच्या काळात गेली होती, त्यांना साठीच्या घरात मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्यांनी पुढील आयुष्यभर साखर वर्ज्य केली होती असे नव्हे. अंतर होते ते फक्त आरंभीच्या सुमारे एक हजार दिवसांचे.

आता शाळेच्या वयाकडे वळू. येथे पालक व शिक्षक दोघांचाही एक ठरावीक गैरसमज होतो. सर्वसाधारण मुलाच्या अंगावरील चरबी पहिल्या वर्षात वाढत जाते, नंतर उतरू लागते आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत कमी होते. त्यानंतर ती पुन्हा हळूहळू चढते. पहिलीत नाव घालावयास आणलेले मूल म्हणूनच बारीक दिसते. 'घरी असताना कसे भरलेले होते, आता पार वाळले,' असे आई म्हणते. ते वाळलेले नसते. त्याचे बाळसे झडलेले असते, आणि त्या वयात ते झडावयासच हवे. उलट, ही उतरती लवकर संपून साडेपाच वर्षांच्या आधीच चरबी चढू लागली, तर ते मूल पुढे स्थूल होण्याचा संभव अधिक असतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी १९८४ सालीच दाखविले होते.

दिल्ली येथे १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करून २००४ साली जे प्रसिद्ध झाले, ते आपल्या देशातील मुलांविषयी असल्यामुळे अधिक मोलाचे आहे. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह अथवा त्याची पूर्वावस्था जडली होती, ते दोन वर्षांच्या वयापर्यंत उंचीच्या मानाने बारीक होते. मग त्यांची चरबीची चढती इतरांपेक्षा लवकर सुरू झाली, आणि बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढत गेले होते. यातील मर्म असे की, बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकालाही कोणी लठ्ठ म्हटले नसते. ती मुले वर्गातील इतर मुलांसारखीच दिसत होती. पुण्यात आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही, जन्मतः लहान व आठव्या वर्षी मोठी असलेली मुले सर्वांत धोक्यात, असाच निघाला होता.

चरबीच्या पेशींचाही येथे विचार केला पाहिजे. त्यांची संख्या बालपणी व किशोरवयात वाढते आणि विशीनंतर जवळजवळ कायम राहते; प्रौढपणी माणूस वाळला तरी पेशी लहान होतात, त्यांची संख्या घटत नाही. २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी ही गोष्ट सिद्ध केली ती मोठ्या गमतीच्या रीतीने. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणात पसरलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या चरबीत किती उतरला आहे हे मोजून त्यांनी पेशींचे वय काढले. मानवजातीच्या त्या उद्योगाचा हा एवढा एकच उपयोग झाला असावा.

हे सर्व वाचून एखाद्या शिक्षकाच्या मनात शंका येईल की, मग बारीक मुलाला खाऊ घालावे की न घालावे? शंका योग्य आहे. खाऊ घालावे, आणि लवकर घालावे. हैदराबादजवळच्या खेड्यांत याचे उत्तर मिळते. १९८७ ते १९९० या काळात तेथील काही खेड्यांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली गरोदर मातांना व सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना मका व सोयाबीन यांचा पूरक आहार मिळत होता. शेजारच्या खेड्यांत योजना अद्याप पोचली नव्हती. ती मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर दोन्हीकडच्या मुलांची तपासणी झाली. आहार मिळालेली मुले सरासरी १४ मिलिमीटरने उंच होती, त्यांच्यातील इन्सुलिनचा विरोध सुमारे २० टक्क्यांनी कमी होता, आणि चरबी दोन्हीकडे सारखीच होती. वेळेवर मिळालेले साधे, कसदार अन्न उंचीत गेले, चरबीत गेले नाही. भारतासह पाच देशांतील अभ्यास एकत्र करून २०१३ साली असेही दिसून आले की, पहिल्या दोन वर्षांत ज्यांची उंची चांगली वाढली त्यांचे शिक्षण अधिक वर्षे चालले. तेव्हा अंगणवाडीतील ताट हा शिक्षकाच्याही आस्थेचा विषय आहे. दोन वर्षांनंतर, उंचीची वाढ मंद झाल्यावर, केवळ वजन वाढविण्यासाठी साखर, मैदा व तळलेले पदार्थ यांचा मारा करणे मात्र वेगळे. त्याने वजनाचा रकाना सुधारतो, मूल सुधारत नाही.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांच्या मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गांच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. पहिल्या गटासाठी डाळ २० ग्रॅम व भाजी ५० ग्रॅम धरलेली असते. हिशेबात डाळ आली म्हणजे ती मुलाच्या पोटात गेलीच असे नाही. पातेल्यात डाळ तळाशी बसते. वरचेवर वाढले की पहिल्या रांगेला पाणी मिळते आणि शेवटच्या रांगेला डाळ. वाढणाऱ्या बाईने प्रत्येक वेळी पळी तळापर्यंत नेऊन ढवळावे, ही सूचना क्षुल्लक भासेल, पण वर्षाकाठी दोनशे जेवणे असतात. पालेभाजी बारीक चिरून खिचडीत शिजविली तर मुले ती बाजूला काढीत नाहीत. वाढदिवसाला वर्गात गोळ्या व चॉकलेटे वाटण्याची पद्धत पडली आहे. त्याऐवजी उकडलेले हरभरे, शेंगदाणे किंवा हंगामात संत्रे वाटता येईल. स्वातंत्र्यदिनाच्या पेढ्याने कोणाचे आरोग्य बिघडत नाही. शाळेच्या फाटकाशी रोज दोन वेळा घेतले जाणारे पाकीट बिघडविते.

पुण्याच्या खेड्यांतील ती मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. मुले सुमारे ३७ टक्के व मुली १८ टक्के यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर गेलेली होती. आणि त्याच गटातील जवळजवळ निम्मे जण ठरलेल्या मापापेक्षा कमी वजनाचे होते. बारीक अंग आणि वाढलेली साखर, ही जोडी अठराव्या वर्षीच दिसू लागली. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, या मुलांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षापासूनच इतरांपेक्षा थोडी वर राहिलेली होती. सहावे वर्ष म्हणजे पहिलीचा वर्ग. २०१२ साली त्याच मुला-मुलींना किशोरवयात ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो त्यांच्या पोटी येणाऱ्या पुढील पिढीचे बाळसे सुधारते का हे पाहण्यासाठी. सातवीतील मुलगी डबा अर्धवट खाऊन येते, सकाळी केवळ चहा पिऊन येते, उपास करते, हे वर्गशिक्षिकेला जितके कळते तितके आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना कळणे कठीण असते.

शाळेतील वजन-उंचीची नोंद ही आणखी एक गोष्ट. ती पुष्कळ ठिकाणी एकाच दुपारी, अंदाजाने पुरी केली जाते. चप्पल व दप्तर काढून, त्याच काट्यावर, सकाळच्या वेळी वजन घ्यावे. उंचीसाठी टाचा, पाठ व डोके भिंतीस लावून, डोक्यावर काटकोनी फळी ठेवून खूण करावी. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागावे. २० किलो वजनाच्या व १.१५ मीटर उंचीच्या मुलाचा अंक १५.१ येतो. तो पाहून मूल कृश आहे असे कोणी ठरवू नये. सहा वर्षांच्या वयास तो अगदी यथायोग्य आहे. प्रौढांसाठी ठरविलेली १८.५ ची मर्यादा मुलांना लागू नाही. एका अंकापेक्षा दोन वर्षांतील अंतर अधिक सांगून जाते. प्राथमिक वयात वर्षाला दोन-तीन किलो वजन व पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढणे स्वाभाविक असते. उंची तीनच सेंटिमीटर वाढली आणि वजन पाच किलो, तर घरी चौकशी करावी व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ती नोंद त्याच्यापुढे ठेवावी. उंची व वजन दोन्ही अडून राहिली असतील तर पथकाची वाट न पाहता मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. आकडे वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. मुले एकमेकांना नावे ठेवण्यास फार तत्पर असतात.

या साऱ्या विषयाचा आरंभच एका नोंदवहीतून झाला. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य परिचारिकेने १९११ पासून एक शिस्त घालून दिली. प्रत्येक नवजात बालकाचे वजन नोंदवावयाचे, एक वर्ष पुरे झाल्यावर पुन्हा नोंदवावयाचे, आणि मूल अंगावर पीत होते की बाटलीने, तेही लिहावयाचे. परिचारिका सायकलीवरून काटे घेऊन गावोगाव हिंडत. या वह्या पुढे कोणी उघडल्याही नाहीत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी डॉ. बार्कर जुन्या नोंदी शोधीत असता त्या हाती आल्या. त्यांवरून १९२० ते १९३० या दशकात जन्मलेले पुरुष हुडकून त्यांची रक्ततपासणी झाली, आणि १९९१ साली निष्कर्ष निघाला: जन्मतः व पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन कमी होते, त्यांना साठीनंतर मधुमेह अधिक प्रमाणात झाला होता. डॉ. बार्कर दोनच वर्षांत पुण्याच्या खेड्यांतील अभ्यासात सहभागी झाले.